न पाहिलेला सिनेमा घरी आणताना

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलच्या एका भिंतीला कपाट करून घेतलं आणि गेल्या दीड वर्षात साठेक सिनेमे डिस्कवर जमवले. बहुतेक न पाहिलेले. कुणी नाव सुचवलं म्हणून, कुठे वाचलं म्हणून, स्वस्तात मिळाला म्हणून. आता त्यातले निम्मे एकदा लावून पडलेत, काहींचं तर वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. पत्नीचं म्हणणं, पैसे पाण्यात गेले. ते विचारतात, की न बघता सिनेमा विकत घेणं शहाणपणाचं आहे का, आणि घ्यायचाच तर काय बघून घ्यावा? शिवाय मुलगी डिसेंबरात न्यू जर्सीहून येणार आहे. तिच्याकडून एका जपानी दिग्दर्शकाचा सात सिनेमांचा ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची डिस्क) संच मागवावा का, हेही त्यांना विचारायचंय.

न पाहिलेला सिनेमा जरूर घ्यावा, असं माझं मत आहे. पाहिलेलेच सिनेमे ठेवले तर ते आठवणींचं कपाट होतं. त्यातही आनंद आहे, पण संग्रह वाढतो तो न पाहिलेल्यामुळेच. फक्त जोखीम कुठली घ्यायची ते आधी ठरवायला हवं. सिनेमा अनोळखी असला तरी चालेल, त्याची प्रत अनोळखी असता कामा नये. तुमच्याकडे पडून असलेल्यांपैकी बरेच सिनेमे वाईट म्हणून नाही, तर प्रत वाईट म्हणून पडलेत, अशी मला दाट शंका आहे. माणूस पंधरा मिनिटं बघतो. चित्र धुरकट असतं, आवाज फाटलेला असतो, पात्रांची डोकी वरून कापलेली असतात. मग तो म्हणतो, "कंटाळवाणा आहे," आणि फुली बसते सिनेमाच्या नावावर.

मी आणि माझ्या यजमानांनी पार्ल्यात तेवीस वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. ती बंद केल्यापासून लोकांचे घरचे संग्रह लावून द्यायचं, निवडून द्यायचं काम मी करते. लायब्ररीत यजमान मशिनं आणि खरेदी बघायचे, काउंटर माझं. सिनेमा परत करताना माणूस काय बोलतो, हे मी रोज ऐकत होते. त्या बोलण्यातून मला जे कळलं, तेच आज तुम्हाला सांगते.

एक बँकेतले काका दर शनिवारी यायचे. त्यांनी एकदा एक जुना मराठी सिनेमा नेला. तरुणपणी गिरगावात थिएटरला पाहिलेला. सोमवारी परत आणला तेव्हा चेहरा पडला होता. "वहिनी, ह्यात काहीतरी नाहीये. काय नाहीये ते सांगता येत नाही, पण नाहीये." त्या वेळी आमच्याकडे एक निवृत्त ऑपरेटर यायचे, एका टॉकीजमध्ये आयुष्यभर मशीन चालवलेले. ते काउंटरला टेकून उभेच होते. म्हणाले, डिस्क लावा आणि सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर थांबवा. सर्टिफिकेटवर सिनेमाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या लिहिलेली असते. त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला, तो मी आजही तसाच करते.

३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. प्रोजेक्टर सेकंदाला २४ फ्रेम दाखवतो, म्हणजे दीड फूट फिल्म. मिनिटाला झाले ९० फूट, मीटरमध्ये साधारण २७.४. सर्टिफिकेटवरच्या मीटरला २७.४ ने भागलं की सिनेमाची खरी मिनिटं मिळतात. समजा सर्टिफिकेटवर ३,८४० मीटर आहे, तर सिनेमा १४० मिनिटांचा. आता डिस्कची वेळ बघा. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत 'पाल' (PAL) नावाची. तिच्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, त्यामुळे सिनेमा चार टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. म्हणजे १४० चे १३४ झाले तर काहीही कापलेलं नाही. पण प्लेअर ११८ मिनिटं दाखवत असेल तर सोळा मिनिटं कुणीतरी काढून टाकली. काकांच्या सिनेमातून दोन गाणी आणि बाजारातला एक अख्खा प्रसंग गेला होता. त्यांना नाव सांगता येत नव्हतं, पण त्यांचं मन चुकत नव्हतं.

ह्या हिशेबाला दोन पथ्यं आहेत. पहिलं, डिस्कवर दिसणारं सर्टिफिकेट कधीकधी व्हिडिओ आवृत्तीसाठी वेगळं घेतलेलं असतं. तिथे लांबी आधीच कापलेल्या आवृत्तीची असणार, मग ताळा जुळला तरी उपयोग नाही. दुसरं, आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी परदेशात खपाव्यात म्हणून एनटीएससी ह्या अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीत काढल्या गेल्या. एनटीएससीत ती चार टक्क्यांची घट व्हायला नको. पण मूळ टेप पालची असेल तर ती तिथेही दिसते, आणि वर चालणाऱ्या माणसामागे फिकट सावली ओढल्यासारखी दिसते. डोळ्याला काहीतरी खटकतं, कारण कळत नाही, ते हेच. खूप जुन्या सर्टिफिकेटवर मीटरऐवजी फूट असतात. तिथे सरळ ९० ने भागायचं.

अर्थात दुकानात उभं राहून सर्टिफिकेट बघता येत नाही. तिथे हातात असतं फक्त वेष्टन, म्हणून मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. पुढची बाजू विकण्यासाठी छापलेली असते, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात असतं. तिथे मिनिटं लिहिली नसतील तर मी डिस्क खाली ठेवते. स्वतःच्या मालाची लांबी न सांगणाऱ्यानं बाकी काय जपलं असेल? मिनिटं असतील तर त्या सिनेमाच्या मूळ लांबीशी फोनवर ताडून बघायला दोन मिनिटं लागतात.

एकाच डीव्हीडीवर तीन सिनेमे असतील तर न पाहिलेल्या सिनेमासाठी ती कधीच घेऊ नका. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतं, दोन थरांत ८.५. अडीच तासांच्या तीन सिनेमांत ते वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन जीबीसुद्धा येत नाही. मग अंधारातल्या प्रसंगात चौकटी चौकटी दिसायला लागतात. ज्याला सिनेमा पाठ आहे त्याचं मन त्या चौकटी भरून काढतं. तुमची ती पहिलीच भेट असते.

मराठी सिनेमांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार जपायची आहे, ती भाषेची. प्रभात फिल्म कंपनीनं अनेक सिनेमे मराठीत आणि हिंदीत असे दोनदा चित्रित केले. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' ही १९३७ ची जोडी, 'माणूस' आणि 'आदमी' १९३९ ची, 'शेजारी' आणि 'पडोसी' १९४१ ची. हे डबिंग नव्हे. 'शेजारी'त केशवराव दाते आहेत, 'पडोसी'त त्यांच्या जागी मझहर खान. समोर गजानन जागीरदार दोन्हीकडे आहेत. पुढे जब्बार पटेलांनी 'उंबरठा' केला तोही १९८२ मध्ये हिंदीत 'सुबह' म्हणून झाला, दोन्हींत स्मिता पाटील. ही नावं लक्षात नसतील तर चेहरा बघून भलतीच आवृत्ती घरी येते. एका आजींना त्यांच्या नातवानं पंचाहत्तरीला असाच एक जुना सिनेमा भेट दिला. कव्हरवर नाव मराठी, आत हिंदी आवृत्ती. आजी काही बोलल्या नाहीत, शेवटपर्यंत बघितला. नातू मात्र माझ्याकडे आला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. तेव्हापासून मी जुन्या मराठी सिनेमाचा एक तरी संवाद फोनवर वाजवून ऐकल्याशिवाय कुणाला घ्यायला सांगत नाही.

हे सगळं वाचून वाटेल, की मग व्हीसीडी तर घेऊच नये. इथे मी माझाच नियम मोडते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोठ्या टीव्हीवर ते पसरट दिसणारच, आणि मध्येच उठून दुसरी डिस्क लावावी लागते. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी मराठी सिनेमे असे आहेत, की मला ते व्हीसीडीखेरीज कशावरही मिळालेले नाहीत. तिथे दुधाची तहान ताकावर भागवायची, आणि आनंदानं भागवायची. फक्त घेताना स्वतःला सांगायचं, की ही तात्पुरती सोय आहे आणि चांगली प्रत निघाली की ती आणायची. मोझर बेअर ह्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा लोक भाजीच्या पिशवीतून सिनेमे नेत होते. त्या काळात घेतलेल्या काही मराठी डिस्क आज माझ्या कपाटातल्या सगळ्यात मोलाच्या आहेत.

उलट टोकाला, ज्या सिनेमांवर जीव ओतून काम झालंय, ते न बघता घ्यायला मला कधीच भीती वाटत नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची गोष्ट सांगते. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत भाजल्या. जळकी, वितळून एकमेकांना चिकटलेली रिळं टाकून न देता जपून ठेवली गेली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यातली जी वाचवण्यासारखी होती ती हातानं सोडवली, दुरुस्त केली. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर ठिकाणच्या प्रती वापरल्या. २०१५ मध्ये ही नवी प्रत बाहेर आली. ज्यांनी आधीच्या पांढुरक्या, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीवर 'पथेर पांचाली' बघून मान हलवली होती, अशा दोघांना मी ती दाखवली. पाऊस पडायच्या आधी तळ्यावर वारा येतो, पाण्यावरचे किडे सरकतात, त्या प्रसंगाला दोघंही पुढे सरकून बसले.

आपल्या मुंबईतही हे काम होतंय. २०१४ मध्ये शिवेंद्र सिंग डुंगरपूर यांनी स्थापन केलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं 'मंथन'ची नवी प्रत केली, ती २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. 'शोले'चा मूळ शेवट १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता, तो परत जोडलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्यात लागली. म्हणून जुना सिनेमा घेताना प्रत कुणी केली, कशावरून केली, कधी केली, ह्याची एक ओळ शोधा. ती ओळ कव्हरवर असेल तर कथासूत्र वाचायची गरजच नाही. वाचूच नका, सिनेमा तुमचा तुम्हाला भेटू दे.

प्रतीचं झालं. आता कुठला सिनेमा निवडायचा ते. लोक नटाच्या मागे जातात आणि फसतात, कारण नट सगळ्या प्रकारचे सिनेमे करतो. मी लेखकाच्या आणि कॅमेरामनच्या मागे जायला सांगते. तुम्हाला 'सामना' आवडला असेल, तर तो आवडण्यात तेंडुलकरांच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. मग त्यांनीच लिहिलेले 'सिंहासन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' न बघता घ्या, बहुधा फसणार नाही. तिथून गोविंद निहलानींकडे वळा, कारण शेवटचे दोन त्यांचे. निहलानी आधी कॅमेरामन होते, म्हणून मग त्यांनी टिपलेले श्याम बेनेगलांचे सिनेमे घ्या. 'सिंहासन'ला अरुण साधूंच्या कादंबऱ्यांचा आधार आहे, तिकडून मुंबईच्या राजकारणावरच्या सिनेमांची वाट निघते. असा एकेक धागा धरून वर्षभरात दहा-बारा सिनेमे घेतले तर प्रत्येक नवा सिनेमा आधीच्याला हात देतो. तुमच्या साठ सिनेमांचं दुखणं मला हेच वाटतं, ते एकमेकांना ओळखत नाहीत.

ह्यासाठी एक वही करा. लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये मी शेवटी पेन्सिलीनं एक रकाना आखला होता, 'परत मागितला का'. जो सिनेमा त्याच माणसानं सहा महिन्यांनी पुन्हा नेला, त्यापुढे टिंब. त्या टिंबांवरून यजमानांची पुढची खरेदी ठरायची. तुम्हीही प्रत्येक सिनेमापुढे लिहा: का घेतला, कुणाच्या सांगण्यावरून घेतला, पुन्हा लावला का. साठ सिनेमांची ही नोंद एका रविवारी होईल. मग दिसेल, की अमक्यानं सुचवलेले चारही सिनेमे तुम्ही पुन्हा लावलेत आणि तमक्याचे पाचही पडून आहेत. तमका जाणकार नाही असं नव्हे, तो वेगळ्या कारणासाठी सिनेमा बघतो, एवढंच. मला स्वतःला हे फार उशिरा उमगलं, त्यामुळे तुम्हाला आत्ताच सांगते.

आणि हा रकाना भरताना वहिनींना शेजारी बसवा. घरात डिस्क लावली जाते ती दोघांनी मिळून, किंवा पाहुणे आले म्हणून, किंवा नातवंडं सुट्टीत आली म्हणून. एकट्यानं रात्री अकरानंतर बघायचे सिनेमे वेगळे. ते घ्यायचे नाहीत असं नाही, पण चारास एक ह्या प्रमाणात घ्या. वहिनींचा आक्षेप पैशांवर असेल तसा न विचारण्यावरही असू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत मी हे बघितलंय. दर महिन्याला एक सिनेमा त्यांनी निवडायचा, न पाहिलेला, असं ठरवून बघा.

काही सिनेमे मात्र आधी बघता येतात, तेव्हा ते न बघता घेण्यात अर्थ नाही. पुष्कळ मराठी सिनेमे त्यांच्या हक्कदारांनीच यूट्यूबवर टाकलेत. सुरुवात बघू नका, ट्रेलर तर नाहीच. सरळ मध्यावर जा आणि दहा मिनिटं बघा. सुरुवातीला सगळेच मेहनत घेतात, मध्यावर दिग्दर्शकाचा खरा हात दिसतो. शिवाय मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, फिल्म सोसायटीचं सभासदत्व घ्या. वर्षभर वेगवेगळ्या देशांचे सिनेमे मोठ्या पडद्यावर बघितले की विकत काय घ्यायचं ह्याची जाण आपोआप पक्की होते. मग कुणी विचारेल, की फोनवर सगळं असताना विकत कशाला घ्यायचं? कारण तिथला सिनेमा करार संपला की एका रात्रीत जातो. कपाटातला जात नाही.

खरेदीच्या जागा आता फार उरल्या नाहीत. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे तास तास उभं राहून कव्हरं वाचणारी एक अख्खी पिढी ह्या शहरात आहे, मीही त्यातलीच. आता जुना माल बघायचा तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट, फोर्टचे फुटपाथ आणि बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचे साठे. तिथे डिस्क घेताना उन्हात जा. आधी खालची बाजू बघा. चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली, दोन थरांची डीव्हीडी किंचित सोनेरी दिसते. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर कुणीतरी संगणकावर बर्न केलेली, ती हातात घ्यायची नाही. चोरीची प्रत घेतली तर सिनेमा करणाऱ्याचे पैसे बुडतातच, आणि तुमच्या कपाटातही काही राहत नाही, कारण अशा डिस्क काही वर्षांत वाचेनाशा होतात.

मग डिस्क उजेडाकडे धरा. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगेच खाली असतो, त्यामुळे वरून गेलेला चरा खालच्यापेक्षा घातक. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर तिथली माहिती गेली. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, तिला वरचे चरे फार बाधत नाहीत. ब्लू-रेत तो खालच्या बाजूपासून ०.१ मिलिमीटरवर असतो, वर कठीण लेप असतो खरा, पण त्याच्या आत चरा गेला तर संपलं. मधल्या भोकाभोवती बारीक तडे आहेत का ते बोटानं चाचपा. घट्ट डबीतून ओढून काढल्यानं ते पडतात आणि एक दिवस प्लेअरमध्ये फिरताना डिस्क दुभंगते. डबीचा मधला खटका दाबूनच डिस्क उचलायची. पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून कधीच नाही.

पावसाळ्याचं एवढंच, की कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर चार बोटं पुढे घ्या. जुलैत त्या भिंतीला ओल येते, आधी आतले कागद धरतात, मग बुरशी डिस्कवर उतरते. सिलिका जेलच्या पुड्या दर जूनला बदला.

आता तुमच्या संचाबद्दल. तो सध्या मागवू नका. कारण दिग्दर्शक नव्हे, कारण प्रदेशाचं कुलूप. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेत. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत सी मध्ये. मोठ्या स्टुडिओंच्या बऱ्याच डिस्क कुठेही चालतात. पण जुन्या आणि जागतिक सिनेमांवर प्रेमानं काम करणाऱ्या लहान कंपन्यांना हक्क एकेका देशापुरतेच मिळतात, म्हणून त्यांच्या डिस्क बहुतेक वेळा कुलूपबंद असतात. जपानी दिग्दर्शकांचे संच काढतात ते बहुतेक हेच लोक. आमच्या घरी भाचा लंडनहून असाच एक संच घेऊन आला होता. सगळे जमले, जेवणं लवकर उरकली, डिस्क आत गेली आणि पडद्यावर एक ओळ आली, की ही डिस्क ह्या प्रदेशात चालणार नाही. तो संच पुढे तीन वर्षं कपाटात बंद होता. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना हे कुलूप नसतं, पण त्याच खोक्यात जोड म्हणून दिलेल्या ब्लू-रेला असू शकतं, आणि मुलाखती वगैरे पुरवण्या बहुधा त्यावरच असतात.

म्हणून आधी प्लेअर. सॅमसंगनं २०१९ मध्ये आणि एलजीनं २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअरच्या धंद्यातून अंग काढलं, तेव्हा हे काम लांबवू नका. लॅमिंग्टन रोडला जाऊन सगळ्या प्रदेशांचा, म्हणजे ए-बी-सी तिन्ही वाचणारा प्लेअर विचारा. विकणारा 'मल्टी-रिजन' म्हणाला तर डीव्हीडीसाठी की ब्लू-रेसाठी हे स्पष्ट विचारून घ्या. डीव्हीडीचं कुलूप रिमोटवरून उघडणारे प्लेअर पुष्कळ मिळतात, ब्लू-रेचं उघडणारे थोडे. परदेशी ब्लू-रे कुणाकडून तरी मागून न्या आणि दुकानातच लावून बघा. तोवर मुलीला सांगा, दुकानात गेलीस तर त्या संचाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव. बारीक मजकुरात एका छोट्या चिन्हात प्रदेशाचं अक्षर असतं, तिथेच मिनिटं, आणि प्रत कशावरून केली ती ओळ. तो फोटो माझ्याकडे पाठवा, मी बघून सांगते. डिसेंबरला अजून अवकाश आहे.